बार्कले हॉलोत मतदान होत नाही

शनिवार, ४ ऑक्टोबर २००८, सकाळी अकरा. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या बार्कले हॉलो या मुलांच्या उन्हाळी कॅम्पच्या समितीने पुढच्या वर्षापासून कॅम्प न उघडण्याचं ठरवलं. जेवणघरातल्या लांब टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती. विरोध कोणीही केला नाही.

त्या नऊ जणांत सुमेधा खासनीस होती. तिचा विरोध होता.

ती समितीवर पालकांची प्रतिनिधी म्हणून वसंतात आली होती. आधीच्या एकाच बैठकीला ती हजर राहिली होती आणि त्या दिवशी ठरवण्यासारखं काही नव्हतं. या वेळी कॅम्प चालवणाऱ्या एस्थर उठल्या. वय एकोणऐंशी. पांढरी वेणी, पुरुषी शर्ट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या म्हणाल्या, मुलं निम्म्यावर आली आहेत, माझ्यानंतर हे कोण करणार ते दिसत नाही, आणि मी दमले आहे. मग त्या बसल्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. सुमेधाला बोलायचं होतं. पण इतक्या वयाची बाई चारचौघांत दमले म्हणते, आणि तिला लगेच उठून नाही कसं म्हणायचं? मतदान होईलच, तेव्हा हात वर करू, असं तिने ठरवलं.

बैठक चालवत होते वॉल्टर. ते निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी चार ओळी लिहून मोठ्याने वाचल्या आणि विचारलं, सभेचा कल असाच आहे ना? टेबलाभोवती दोन-चार जण ‘मान्य’ असं पुटपुटले. मग वॉल्टरनी शेजारच्याचा हात हातात घेतला, सगळ्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं आणि लोक सूप प्यायला उठले.

सुमेधाला वाटलं, मतदान सूपनंतर असेल. सूपनंतर लोक कोट घालून आपापल्या गाड्यांकडे गेले.

अॅशबर्नला घरी परतायला तीन तास लागतात. निर्णय मतदानाशिवायच झाला, हे तिला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. उरलेला वेळ घरी काय सांगायचं या विचारात गेला.

अनिका दारातच उभी होती. वय तेरा. पुढचा उन्हाळा कॅम्पमधला तिचा शेवटचा ठरणार होता. बार्कले हॉलोत चौदा वर्षांच्या मुलांचा गट शेवटच्या आठवड्यात तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन डोंगररांगेच्या माथ्यावरून चालत जातो. मोठं माणूस एकच, तेही सगळ्यांच्या मागे. वाट मुलांनी काढायची. अनिका आठ वर्षांची असल्यापासून त्या गटाला निघताना बघत आली होती. सुमेधाने तिला दारातच सगळं सांगितलं.

“आई, तू तिथे होतीस! काही बोलली नाहीस?”

“अगं, मतदानाची वाट बघत होते.”

“देअर इज नो व्होटिंग, आई! कधीच नसतं. आम्ही हाइकला कुठे जायचं हेसुद्धा व्होट करून ठरवत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं. एक जण जरी नाही म्हणाला तरी थांबायचं. एव्हरीबडी नोज!”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“सहा वर्षं सोडायला येतेस!”

प्रताप, सुमेधाचा नवरा, सोफ्यावरून म्हणाला, “तू नागपूरच्या आमच्या सोसायटीची मीटिंग समजलीस. तिथे सेक्रेटरी हात मोजतो, मग भांडण होतं, मग पुन्हा मोजतो.”

“बाबा, नॉट फनी.”

“फनी नाहीच. आईचा एक हात वाया गेला.”

अनिका पाय आपटत जिना चढून गेली. वरचं दार बंद झाल्याचं खाली ऐकू आलं.

खासनीसांच्या घरात बार्कले हॉलो आला तो २००३ साली. प्रतापच्या ऑफिसातल्या एका बाईंची मुलं तिथे जात. त्या क्वेकर होत्या आणि कॅम्पही त्याच ख्रिस्ती पंथाचा. म्हणजे कोण, हे प्रतापने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्यात पाद्री नसतो. आम्ही एकत्र गप्प बसतो, ज्याला काही सुचेल तो उठून बोलतो. प्रतापला हे आवडलं. घरी येऊन तो म्हणाला, “आपल्या कार्टीला तीन आठवडे गप्प बसवणारं कोणी असेल तर आपण पैसे द्यायला तयार आहोत.”

कॅम्प सहा आठवडे चाले, प्रत्येक मूल त्यातले तीन आठवडे राही. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं: फोन नाही, खेळाचं यंत्र नाही, घरचं खाणं नाही. सुमेधाने पहिल्या दोन गोष्टी पाळल्या. तिसरी आपल्याला लागू नसावी असं तिचं मत झालं आणि तिने अनिकाच्या बॅगेत चकल्यांचा डबा ठेवला. उतरल्या उतरल्या एस्थरनी तो बघितला, मनापासून आभार मानले आणि स्वयंपाकघरात नेला. रात्री जेवणाच्या टेबलांवर चकल्या वाटल्या गेल्या. मुलं नव्वद होती. अनिकाने घरी धाडलेल्या पहिल्या पत्रात दोनच बातम्या होत्या: इथे खूप अंधार आहे, आणि मला अर्धी चकली मिळाली.

वीज फक्त एस्थरच्या खोलीतल्या फोनपुरती. मुलांच्या खोपटांना तीन बाजूंना लाकूड आणि चौथ्या बाजूला काहीच नाही. पाऊस आला की ताडपत्री सोडायची. रात्री कंदील. पाणी हातपंपाचं. सरपण फोडणं, भांडी घासणं, कोंबड्यांना दाणे टाकणं आणि टेकडीमागचे संडास धुणं ही कामं पाळीने सगळ्यांना, त्यात एस्थरही आल्या.

पहिल्या भेटीच्या रविवारी सुमेधाने हे ऐकलं आणि ती प्रतापला बाजूला घेऊन म्हणाली, “आपली मुलगी संडास धुते?”

“घरी स्वतःची ताटली उचलत नाही,” प्रताप म्हणाला. “मला तर वाटतं, आपण हिला इथेच ठेवू.”

त्याच सकाळी ते दोघं मुलांबरोबर झाडांखाली बसले. हेमलॉकची उंच, काळपट झाडं, खाली ओंडक्यांचे बाक, पलीकडे ओढा. नव्वद मुलं आणि तीसेक पालक अर्धा तास गप्प. सुमेधाला आधी वॉशिंग मशीनमध्ये राहिलेले कपडे आठवले. मग डास चावला. मग ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला, जो आधीपासून चालूच होता. मधेच सातेक वर्षांचा एक मुलगा उठला, “काल माझा दात पडला,” असं म्हणाला आणि बसला. कोणी हसलं नाही. बातमी ऐकून घ्यावी तशी सगळ्यांनी ऐकून घेतली. सुमेधा पुढे अनेकदा म्हणायची, त्या क्षणी मला ही जागा आवडली.

२००५ पासून ती दर जुलैत एक आठवडा स्वयंपाकघरात कामाला जाऊ लागली. डेटा सेंटरमधली नोकरी, ब्लॅकबेरी, सोमवारचे कॉल, हे सगळं फाटकाबाहेर राही. लाकडांवर चालणारी मोठी लोखंडी चूल पाच वाजता पेटवायची. एस्थर आधीच हजर असत. कोणती लाकडं आधी, झडप किती उघडी, राख कधी काढायची, हे त्यांनी तिला शब्दांपेक्षा करून दाखवत शिकवलं. दुसऱ्या वर्षी सुमेधाने वरण-भात केला, वर लिंबू, बरोबर काकडीची कोशिंबीर. मुलांनी त्याला ‘पिवळा भात’ नाव ठेवलं आणि तो दर मंगळवारी मागितला. दुपारी सगळी भांडी धुऊन झाली की दोघी मागच्या पायरीवर बसत. एस्थर शेंगा सोलत. तळ्यावरून मुलांचा आरडाओरडा येई. तास तास बोलणं होत नसे आणि त्यात अवघडल्यासारखंही वाटत नसे. सुमेधाला इतर कोणत्याही माणसाजवळ असं बसता आलं नव्हतं, आईजवळसुद्धा.

अवघडलेपण होतं ते हाकेचं. क्वेकरांत मिस्टर नाही, मिसेस नाही. आठ वर्षांची पोरंही ‘एस्थर’ म्हणत. सुमेधाची जीभ वळेना. पहिला आठवडा तिने “एक्सक्यूज मी” आणि “ऐका ना” यावर काढला. शेवटी तिने विचारलं, मी तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल का?

“त्याचा अर्थ काय?”

“आईची बहीण.”

एस्थरनी थोडा विचार केला. “मी तुझ्या आईची बहीण नाही. खोटं कशाला? पण मी एस्थर आहे, आणि ही एस्थर तुझी आहे.”

सुमेधा समोर एस्थर म्हणायला शिकली. अॅशबर्नच्या घरात मात्र एस्थरमावशीच राहिल्या.

रविवारी, ५ ऑक्टोबरला दुपारी सुमेधाने वॉल्टरना फोन केला. अनिका जिन्यात बसून ऐकत होती.

सुमेधाने सांगितलं ते असं: मी गप्प होते, पण मला मान्य नव्हतं. मला वाटलं हात मोजाल.

वॉल्टर म्हणाले, “म्हणजे सभेचा कल मी चुकीचा वाचला. ती चूक माझी. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ये आणि सगळ्यांसमोर सांग. तोवर हा निर्णय झाला असं मी धरणार नाही.”

“एवढं सोपं?” प्रतापने फोन ठेवल्यावर विचारलं.

“सोपं वाटत नाहीये,” सुमेधा म्हणाली.

अनिकाने जिन्यातच उडी मारली. “यू जस्ट से नो, आई. दॅट्स इट. तू नाही म्हणालीस की ते बंद करूच शकत नाहीत!”

१ नोव्हेंबरला ती अनिकाला बरोबर घेऊन गेली. सभा कोणालाही ऐकता येते. झाडांची पानं गळून गेली होती आणि फाटकापासून तळं सरळ दिसत होतं, जे उन्हाळ्यात कधी दिसत नाही. अनिका भिंतीकडच्या बाकावर बसली. वॉल्टरनी सुरुवातीलाच सांगितलं की गेल्या वेळी आपण घाई केली, सुमेधाला काही सांगायचं आहे.

सुमेधा उभी राहिली. गाडीत तिने घोकून ठेवलं होतं ते बाजूलाच राहिलं. ती म्हणाली, “मला हे पटत नाही. त्या दिवशीही पटलं नव्हतं. एस्थर दमल्यात हे मला दिसत होतं, त्यांना दुखवायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.”

एस्थरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला न दुखवण्याचं तू माझ्या वतीने ठरवलंस. ही दया मी मागितली नव्हती.”

रागावून बोललेलं वाक्य नव्हतं ते. म्हणूनच ते सुमेधाला लागलं.

“चुकले,” ती म्हणाली.

वॉल्टरनी विचारलं, “मतदान झालं असतं तर तू काय केलं असतंस?”

“विरोधात हात वर केला असता.”

“आणि आठ विरुद्ध एक हरली असतीस.”

“हो.”

“मग?”

“मग घरी गेले असते. मुलीला सांगितलं असतं, मी प्रयत्न केला.”

“तिथे तुझं काम संपलं असतं,” वॉल्टर म्हणाले. “इथे तुझ्या एकटीचा नकार पुरतो. आम्ही सगळे थांबू. म्हणून एवढंच विचारतो, की तो कशासाठी आहे ते नीट बघ. मुलीला एक उन्हाळा हवा आहे म्हणून असेल, तर तेही सांग. त्यात लाज नाही. पण सांग.”

भिंतीकडच्या बाकावर अनिका मान खाली घालून बसली होती.

त्या खोलीत कोणालाच घाई नव्हती. बाहेर कोणीतरी गाडी वळवली, तिचा आवाज येऊन गेला.

“मी इथे येताना समजत होते की माझा नकार अनिकासाठी आहे,” सुमेधा म्हणाली. “तिच्यासाठी आहेच. पण जास्त माझ्यासाठी आहे. वर्षातला एक आठवडा मी त्या मागच्या पायरीवर बसते. मला दुसरी अशी जागा माहीत नाही. मुलांसाठीही नसावी. ही बंद करायला मी हो म्हणू शकत नाही.”

एस्थर तिच्याकडे बघत होत्या. “मला वाटतं हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “आता मी खरं सांगते. तू एक आठवडा येतेस. बाकीचे पाच आठवडे पाच वाजता उठून चूल कोण पेटवतं? गेल्या जुलैत मी दोनदा तिच्यापुढे बसून राहिले, कारण मला उठता येईना. मुलांना कळलं नाही. सगळे हो म्हणतील आणि मी सुटेन, अशी मला आशा होती.”

सुमेधा खाली बसली. वॉल्टरनी ठराव लिहिला नाही. विषय डिसेंबरपर्यंत ठेवला आणि सभा संपवायला शेजारच्याचा हात हातात घेतला.

परतताना वीस-पंचवीस मैल मागे पडले. मग अनिका म्हणाली, “मला ते माहीत नव्हतं. एस्थरचं. आम्हाला वाटायचं ती सगळ्यात आधी उठते कारण तिला आवडतं.”

“आवडतही असेल.”

“आई, मी लाकडं आणून देऊ शकते. चूल मला येते. एलिव्हन-इयर-ओल्ड्सना शिकवतात.”

“चाळीस-पन्नास मुलांचा नाश्ता येतो?”

“नो.” थोड्या वेळाने: “तू नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं मी खूश होईन.”

“आणि?”

“आय डोन्ट नो. वाईट वाटलं. पण तू हो म्हणू नको हां.”

घरी त्या रात्री जेवताना सुमेधाने प्रतापला विचारलं, सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळेल असं तुला वाटतं का?

“सध्या?” प्रताप म्हणाला. “लोकांना कायमची बिनपगारी रजा मिळतेय यार. माझ्या मजल्यावर चार टेबलं रिकामी झाली.”

“मी गंभीरपणे विचारतेय.”

“मीही गंभीरपणेच सांगतोय.” त्याने पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “रजा मागून बघ. त्या चुलीबद्दल तू जेवढं बोलतेस तेवढं कंपनीबद्दल दहा वर्षांत बोलली नाहीस. पण आता रजा मागणारी माणसं पहिली नजरेत येतात, हे लक्षात ठेवून माग.”

तिने दुसऱ्या आठवड्यात रजेचा अर्ज केला. मॅनेजरने तो वाचला, कारण वाचून भुवया उंचावल्या आणि विचारलं, “कुकिंग? फॉर किड्स?” ती हो म्हणाली. वर विचारून सांगतो, असं उत्तर मिळालं. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं तरी काही कळलं नव्हतं.

६ डिसेंबरच्या सभेत सुमेधाने हे सगळं जसं होतं तसं मांडलं. रजा मिळाली तर सहाही आठवडे स्वयंपाकघर माझं. चूल मी पेटवीन. अजून उत्तर नाही. नकार आला तर मला पुन्हा विचार करावा लागेल.

“म्हणजे तेव्हा तू हो म्हणशील?” वॉल्टरनी विचारलं.

“ते मला आज माहीत नाही.”

एस्थर म्हणाल्या, “चूल दुसरं कोणी पेटवणार असेल तर मी आणखी एक उन्हाळा राहीन. एकच. पण ‘जर’वर मी मुलांना बोलावणार नाही. आईबापांना शब्द द्यायचा तर तो पाळता आला पाहिजे.” सुमेधाकडे वळून त्यांनी पुढे म्हटलं, “आणि तुझी नोकरी गेली तर ती माझ्या चुलीपायी गेली असं व्हायला नको.”

“तो विचार माझा मला करू द्या,” सुमेधा म्हणाली. “ही दया मीही मागितलेली नाही.”

एस्थर मोठ्याने हसल्या. वॉल्टरही हसले. ठराव मात्र झाला नाही. विषय ३ जानेवारीच्या सभेपुढे गेला.

सोमवारी, २२ डिसेंबरला सुमेधाला मॅनेजरचा ईमेल आला. रजेबद्दल नवीन वर्षात बोलू, एवढंच त्यात होतं. त्याच संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अनिका स्वयंपाकघरात फोनपाशी बसली होती.

“मी एस्थरला फोन केला,” ती म्हणाली. “तुला न विचारता.”

“काय विचारलंस?”

“कॅम्प उघडणार का.”

“मग?”

“म्हणाली, अजून ठरलेलं नाही. तीन जानेवारीला पुन्हा बसू.”

“आणखी काही?”

“म्हणाली, आज आणखी तीन घरांतून हाच फोन आला. त्यांनाही तिने तेच सांगितलं.”